मूडचं ॲप, टुणटुण घड्याळ आणि हाऊजीचा डबा

स्वतःच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून लोक सध्या तीन गोष्टी वापरताना दिसतात. पहिली, फोनवरचं मूड नोंदवायचं ॲप. दुसरी, दर तासाला टुणकन वाजणारं साधं डिजिटल घड्याळ आणि शेजारी वही. तिसरी विकत मिळत नाही, घरी जुळवावी लागते: हाऊजीच्या डब्यातले आकडे, मनगटाचा जुना बँड आणि खिशात मावेल एवढी वही. तिन्हींची पारख इथे एकाच कसोटीवर केली आहे. मनाला ज्याचं उत्तर ठाऊक असतं, तेच ते साधन विचारतं का?

कसोटी हीच का, ते आधी सांगायला हवं. ‘आत्ता मनात काय होतं?’ आणि ‘ते का होतं?’ हे दोन प्रश्न जुळ्यासारखे दिसतात. दोन्हींची उत्तरं मन सारख्याच ठसक्यात देतं, पण दुसऱ्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा थाप असते आणि मारणाऱ्यालाही तिचा पत्ता नसतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७मध्ये छापलेल्या निबंधातलं उदाहरण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. अमेरिकेतल्या एका दुकानात टेबलावर नायलॉन मोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या होत्या. चारही तंतोतंत सारख्या. गिऱ्हाइकांना विचारलं, यातली चांगली कोणती? डावीकडून उजवीकडे पसंती पडली १२, १७, ३१ आणि ४० टक्के. म्हणजे उजवीकडच्या टोकाच्या जोडीची चांदी. निवडीचं कारण विचारल्यावर लोक पोताबद्दल, विणीबद्दल बोलले. जागेचं नाव एकानेही घेतलं नाही, आणि ‘जागेमुळे तर नव्हे?’ असं थेट विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

घरी करून बघायचं तर एकाच गठ्ठ्यातले चार कोरे पंचे घ्या, सारखी घडी करून ओळीने ठेवा आणि घरातल्यांना एकेक करून बोलवा. पाचसहा माणसांत उजवीकडचा कल दिसेलच असं नाही, तेवढ्या आकड्यावर काहीच ठरत नाही. बघायचं ते वेगळंच. ‘हा जरा मऊ आहे’, ‘याला सूत चांगलं लागलंय’ ही उत्तरं किती पटकन आणि किती खात्रीने येतात ते ऐका. कुणीही खोटं बोलत नसतं.

आता ॲप. अशी ॲपं बरीच आहेत, पण बहुतेकांचा सांगाडा एकच. रात्री नऊला सूचना येते, पाच चेहऱ्यांतला एक निवडायचा, मग खाली कारणांच्या टिकल्या: ऑफिस, कुटुंब, झोप, पैसा, तब्येत, प्रवास. महिनाअखेरीस आलेख येतो आणि त्याखाली वाक्य असतं, ‘ऑफिसच्या दिवशी तुमचा मूड खाली जातो.’

हे वाक्य आलं कुठून? तुम्हीच दाबलेल्या टिकलीतून. नऊ वाजता बसून उतरता चेहरा निवडला, ऑफिसातून नुकतेच आलेले होता, म्हणून ‘ऑफिस’ दाबलं. आदल्या रात्री पाचच तास झोप झाली होती, दुपारचा डबा अर्धा परत आला होता, यांतलं काही त्या क्षणी आठवलं नाही. पंच्यांच्या बाबतीत ‘मऊ’ म्हणणारं जे मन, त्यानेच टिकली दाबली. ॲपने तो अंदाज तीस वेळा साठवला आणि रंगीत करून परत दिला. आलेख बघितला की माणसाला वाटतं, पुरावा मिळाला. मिळालेला असतो तो आपल्याच समजुतीचा हिशोब.

दुसरी खोट वेळेची. रात्री नऊची नोंद ही रात्री नऊच्या मनाची. सकाळी दहाला काय वाटत होतं ते नऊ वाजता आठवून सांगताना संध्याकाळचा रंग सगळ्या दिवसावर चढतो. बोरिवलीपर्यंत उभ्याने आलेल्या माणसाचा सगळा दिवस वाईटच गेलेला असतो.

तरी ॲप फेकून द्या असं आमचं म्हणणं नाही. दोन दुरुस्त्या केल्या तर त्याचा उपयोग होतो. एक, कारणांच्या टिकल्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. बंद होत नसतील तर त्यांची नावं बदलून टाका किंवा त्यांना हातच लावू नका. दोन, ज्या गोष्टी मोजता येतात त्या मूडपासून तोडून, वेगळ्या वेळी लिहा: उठल्याबरोबर झोपेचे तास, गाडीत बसल्यावर ती किती मिनिटं उशिरा आली ते, रात्री शेवटचं जेवण किती वाजता झालं ते. मूडची नोंद करताना हा तक्ता उघडायचा नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही शेजारी ठेवा. इथे एक खड्डा आहे आणि जवळजवळ सगळे त्यात पडतात. रविवारी झोपही जास्त होते आणि ऑफिसही नसतं, त्यामुळे मूड सुधारला तर श्रेय कुणाचं ते कळत नाही. म्हणून रविवार आणि सुट्ट्या बाजूला काढायच्या आणि फक्त कामाच्या दिवसांत सहा तासांहून कमी झोपेचे दिवस आणि जास्त झोपेचे दिवस यांची तुलना करायची. एवढं करूनही कारण हाती लागलं असं होत नाही. पण निदान तुमच्या अंदाजाला उलटून बोलेल असं काहीतरी समोर येतं.

आणखी एक. सगळा मजकूर साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, हे ॲप घेण्याआधी बघा. येत नसेल तर घेऊ नका. पैसे भरायचे थांबवल्यावर दोन वर्षांचं मन ॲपवाल्यांकडे अडकून पडतं.

खरं तर फोनचा यात दोष नाही. २०१०मध्ये छापलेल्या पाहणीत मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी आयफोनवरूनच २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित गाठलं आणि ‘आत्ता कसं वाटतंय, काय करताय, मन त्यात आहे की दुसरीकडे?’ असं विचारलं. ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. फोन तोच. वेळ अवचित आणि प्रश्न ‘आत्ता’चा, एवढाच फरक.

टुणटुण घड्याळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घेऊ नका. पाच मिनिटं आधीपासून मन तयारीला लागतं आणि वहीत ‘आता वाजेल असं वाटत होतं’ अशा नोंदी साचतात. मुंबईत त्याची आणखी एक गोची होते. इथला माणूस गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेला. ८:५२ची पकडणारा माणूस रोज नऊ वाजता त्याच दोन स्टेशनांच्या मधे, त्याच दांड्याला लटकलेला असतो. तासाच्या ठोक्याला नोंद घ्यायची म्हणजे रोज तोच दांडा नोंदवायचा. आणि डब्यातल्या गोंगाटात ती टुणटुण ऐकूही येत नाही.

हाऊजीचा डबा ही आमची पसंती. मूळ कल्पना रसेल हर्लबर्ट यांची. लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून हीच पद्धत घासूनपुसून लख्ख केली आहे. कानात इअरफोन, खिशात बीप देणारं यंत्र. बीप कधी वाजेल ठाऊक नाही, सरासरी अर्ध्या तासाने. वाजली की बीपच्या लगेच आधीच्या क्षणी मनात जे होतं ते, आणि तेवढंच, लिहायचं. दिवसाला साधारण सहा बीपा, मग चोवीस तासांच्या आत त्यांवर सविस्तर विचारपूस.

यंत्राची नक्कल हाऊजीच्या आकड्यांनी फक्कड होते. १ ते ६० ठेवा, ६१ ते ९० पुडीत बांधून बाजूला काढा. उरलेल्यांची सरासरी साडेतीस मिनिटं येते. आदल्या संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सहा आकडे काढायला सांगा. समजा निघाले १७, ४२, ८, ५५, २९, ३१ आणि सुरुवात ठरली दुपारी चारला. तर गजर लागतील ४:१७, ४:५९, ५:०७, ६:०२, ६:३१ आणि ७:०२ला. साधारण तीन तासांत काम संपतं. आकडे स्वतः काढायचे नाहीत, गजरही स्वतः लावायचे नाहीत, नाहीतर ते टुणटुण घड्याळच झालं.

गजर फोनवर लावला तर दोन ठिकाणी माती खातो. पुष्कळ फोन लॉक स्क्रीनवर पुढचा गजर कितीचा आहे ते दाखवतात, म्हणजे वेळ बघायला फोन काढला की बिंग फुटलं. शिवाय इअरफोन लावला तरी गजर बहुधा बाहेरच्या स्पीकरवरही वाजतो, आणि मग गाडीत डबाभर माना वळतात. फोनवरची अनियमित घंटेची ॲपं वापरायची तर बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून त्या ॲपला सूट द्यावी लागते. नाहीतर अँड्रॉइड त्याला गुपचूप झोपवतं आणि तीन तास काहीच वाजत नाही. या सगळ्यापेक्षा कपाटात पडलेला जुना फिटनेस बँड बरा. त्यातला थरथरणारा गजर गर्दीतही मनगटाला कळतो. मेसेज आणि कॉलची थरथर मात्र पूर्ण बंद करायला विसरू नका. व्हॉट्सॲपच्या थरथरीवर लिहिलेली नोंद वाया जाते. गाडी चालवताना, रस्ता ओलांडताना, दारात उभं असताना बँड वाजला तर ती बीप सोडून द्यायची. मिनिटभरात लिहिता आलं नाही तरीही सोडायची, मागाहून आठवून भरायची नाही.

वही ए-७ मापाची, शिवलेली. स्पायरल शर्टाच्या खिशात अडकते. अब्दुल रहमान स्ट्रीटवर अशा वह्यांचे गठ्ठे मिळतात, एकदोनच हव्या असतील तर कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान पुरे. जेल पेन नको, जूनपासून पुढे तर नकोच. शिसपेन्सिल ओल्या हातानेही चालते.

पहिल्या दिवशीच्या नोंदी हमखास अशा असतात:

‘५:०७. गाडी लेट, म्हणून वैताग.’

यात ‘गाडी लेट’ ही बातमी झाली, ‘वैताग’ हे नाव झालं आणि ‘म्हणून’ हा सिद्धान्त झाला. बीपच्या क्षणी मनात काय होतं ते कुठेच नाही. या साधनाची सगळ्यात कामाची युक्ती हीच: नोंद लिहून झाली की ‘म्हणून’, ‘कारण’, ‘नेहमीसारखं’ आणि ‘बहुतेक’ हे चार शब्द शोधायचे. ज्या नोंदीत सापडतील तिच्यावर आडवी रेघ मारायची. चौथ्यापाचव्या दिवशी नोंद अशी दिसू लागते:

‘५:०७. दादर, पुलाच्या पायऱ्या. पुढच्या माणसाच्या कॉलरवर इस्त्रीची चकाकी, नजर तिथेच. आतल्या आत: कोथिंबीर राहिली. माझाच आवाज, घाई नाही. वैताग शोधला, सापडला नाही.’

शेवटचं वाक्य बघा. गाडी लेट आहे म्हणजे वैताग असणारच, असं रात्री नऊच्या ॲपला बिनदिक्कत सांगितलं गेलं असतं.

विचारपुशीला दुसरं माणूस लागतं आणि तिथे साधन सगळ्यात जास्त बिघडतं. थोरली बहीण धाकट्या भावाला विचारतेय असं समजा.

‘५:०७ला काय होतं?’

‘भाजीचा विचार करत होतो, ताई.’

‘विचार म्हणजे?’

‘म्हणजे… कोथिंबीर राहिली, असं.’

‘शब्द होते?’

‘हो. थांब. ‘राहिली’ होता. ‘कोथिंबीर’ हा शब्द नव्हता गं. जुडी होती.’

‘जुडी दिसत होती? हिरवीगार, की सुकलेली?’

इथे ताईने घोळ केला. तोवर ती नुसतं विचारत होती, आता तिने दोन रंग पुढे केले आणि भाऊ त्यांतला एक उचलणार. ‘जुडी होती म्हणजे काय होतं ते सांग’ इथेच थांबायला हवं होतं. कधी ‘आठवत नाही’ असं उत्तर येतं. ते उत्तर म्हणून लिहून घ्यायचं, नाराज व्हायचं नाही. नवराबायकोंनी एकमेकांची विचारपूस शक्यतो करू नये. ‘अहो, तुम्ही आईंच्या फोनचाच विचार करत असणार’ असं एकदा झालं की त्या दिवसाच्या सहाही बीपा गेल्या.

हर्लबर्ट यांना अशा नोंदींत पाच प्रकार पुन्हापुन्हा सापडले: आतलं बोलणं, आतलं चित्र, भावना, संवेदनेकडेच लागलेलं लक्ष, आणि शब्द नाहीत, चित्रही नाही, तरी अमुकच विचार आहे हे स्पष्ट, असा पाचवा. हा पाचवा प्रकार असतो हेच पुष्कळांना आधी पटत नाही. ख्रिस्तोफर हेवी आणि हर्लबर्ट यांनी २००८मध्ये तीस विद्यार्थ्यांच्या नोंदी छापल्या. आतलं बोलणं सरासरी साधारण चौथ्या हिश्श्याच्या नोंदींत होतं आणि काही जणांच्यात ते मुळीच नव्हतं. ‘माझ्या डोक्यात दिवसभर बडबड चालू असते’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे साधन जरूर वापरून बघावं. मुंबईकराला तर आणखी एक गंमत तपासता येईल. ‘मी विचार मराठीतच करतो’ हे आपण सगळेच म्हणतो. रिक्षावाल्याशी हिंदी, साहेबाशी इंग्रजी, घरी मराठी अशा दिवसात सहा बीपांपैकी किती ठिकाणी शब्द होते आणि ते कोणत्या भाषेतले होते, एवढा एकच रकाना भरत जा.

या साधनालाही दमदार विरोधक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतले तत्त्वज्ञ एरिक श्विट्झगेबल म्हणतात, कारणांचं सोडाच, चालू अनुभवाबद्दलही माणूस सर्रास चुकतो. हर्लबर्ट आणि त्यांनी २००७मध्ये मिळून एक पुस्तक काढलं, एकाच तरुणीच्या बीपांवर दोघांनी पानोपानी वाद घातला. श्विट्झगेबल यांची शंका वरच्या कोथिंबिरीला नेमकी लागू होते. वहीत ‘कोथिंबीर राहिली’ हे सगळं आतल्या आवाजात होतं. विचारपुशीत ‘कोथिंबीर’ शब्द गळला आणि जुडी आली. ही जुडी आठवली, की बोलता बोलता तयार झाली? सांगता येत नाही. आमचा नियम असा: जागेवर लिहिलेलं आणि नंतर बोललेलं यांत तफावत आली तर दोन्ही लिहून ठेवायचं, त्या बीपेवरून काही ठरवायचं नाही, आणि पुढच्या बीपांत ‘शब्द की चित्र’ एवढ्याकडे जास्त लक्ष द्यायचं. सरावाने तफावत कमी झाली तर साधन सुधारतंय. शेवटपर्यंत तेवढीच राहिली तर श्विट्झगेबल यांचं पारडं जड.

त्यांच्या बाजूचा एक दाखला पत्त्यांच्या कॅटने मिळतो. समोरच्या भिंतीवर एक ठिपका धरा, नजर तिथून हलवू नका. न बघता एक पान काढा, हात लांब करून ते बाजूने हळूहळू मधे आणा. रंग कधी कळतो, पान कोणतं ते कधी कळतं? आपल्याला सगळं दृश्य कडेपर्यंत स्वच्छ दिसतं अशी पक्की समजूत असते, आणि पान जवळजवळ नाकासमोर आल्याशिवाय बदाम की चौकट ते सांगता येत नाही. आयुष्यभर उघड्या डोळ्यांनी घेतलेल्या अनुभवाबद्दल ही गत.

डब्यातून काय मिळत नाही तेही सांगायला हवं. ‘का’ मिळत नाही, आणि ‘मी कसा माणूस आहे’ हेही मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीरे यांनी २०१०मध्ये दाखवलं की धास्ती, अस्वस्थपणा यांसारख्या आतल्या गोष्टी ज्याच्या त्याला जास्त बरोबर कळतात, तर हुशारी, कल्पकता अशा चांगल्या-वाईटाशी जोडलेल्या गुणांचा अंदाज मित्रांचा अधिक बरोबर येतो. तेव्हा आपल्याला धास्ती वाटते का, ते वहीत बघा. आपण हुशार आहोत का, ते कट्ट्यावर विचारा, आणि उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

सलग चौदा दिवस करू नका. आठवड्यातून दोन दिवस, असे सात आठवडे बरे, नाहीतर मन दिवसभर स्वतःवरच पहारा देत बसतं. ज्यांचं मन आधीच त्याच त्या विचारांत घुटमळतंय, झोप उडाली आहे, जगण्याची इच्छा कमी होतेय, त्यांच्यासाठी हे साधन नाही. त्यांनी १४४१६ या सरकारच्या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा, तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पहिल्या दिवसाची पानं फाडू नका, फक्त मोजणीत धरू नका. पुढे कुणाला ‘म्हणून’ म्हणजे काय ते दाखवायला तीच उपयोगी पडतात. आणि ६१ ते ९०ची पुडी डब्याच्या आत, तळाशीच ठेवा. ती कुठेतरी भलतीकडे राहिली आणि गणपतीत सोसायटीने हाऊजी काढली, की पाऊण तास आकडे पुकारूनही कुणाचं फुल हाऊस होत नाही.